प्रगतिपुस्तकातला रिकामा रकाना

मागच्या वेळी मी इथे अकोल्यात सॉक्रेटिसवर बोललो होतो. (विदर्भातलं अकोला नव्हे, आपलं अकोले. माझी पत्रं अजूनही आधी तिकडे जाऊन मग इकडे येतात.) व्याख्यान संपलं, लोक चहाकडे गेले आणि एक बाई माझ्यापाशी आल्या. हातात मुलाचं प्रगतिपुस्तक, चौथीचं. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, इथं लिहिलंय, वाचनाकडे लक्ष द्यावे. हे कुणी द्यायचं? त्यानं, मी का गुरुजींनी? आणि द्यायचं म्हणजे करायचं काय?"

मी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. अर्थ, वाक्य, कर्ता, क्रियापद यांवर तासन्‌तास बोललो. पण त्या वाक्याला कर्ताच नाही, हे त्या बाईंनी मला दाखवलं. म्हणून यंदा संयोजकांना म्हटलं, याच विषयावर बोलू. शाळेने पालकांना मुलाबद्दल काय सांगायला हवं? त्यातही दोन गोष्टी: मुलाला वाचायला जड जातं त्याबद्दल काय सांगायचं, आणि मुलाच्या शरीराबद्दल, त्याच्या तंदुरुस्तीबद्दल काय सांगायचं. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचाही नाही. हा विषय आपल्याकडे कुठून कुठे आला, एवढं सांगू शकतो.

सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून करू. इंग्रजी अमलाच्या आधीची ही शाळा म्हणजे देवळाची ओसरी किंवा कुणाच्या तरी वाड्याचा सोपा. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. पाढे, पावकी, निमकी, सगळं तोंडी. तिथे छडी होती, पायाचे अंगठे धरून उभं राहणं होतं. त्या शाळेचं कौतुक करण्यात अर्थ नाही, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या पणजोबांना तिथे प्रवेशही नव्हता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे ज्ञान मुख्यतः कानातून जायचं. ज्या पोराला अक्षर ओळखायला त्रास व्हायचा ते पाढ्यांत पुढे असू शकत होतं. आणि शाळेबाहेरच्या प्रचंड समाजाचं तर सगळंच ज्ञान तोंडी होतं. बियाणं, औषधी पाला, डोंगरवाटा, ओव्या, वंशावळी. वाचता न येणं हा तिथे दोषच नव्हता, कारण कुणालाच वाचता येत नव्हतं.

दोष कधी झाला? शाळेचा दरवाजा लेखी परीक्षेचा झाला तेव्हा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी अनुदानाची पद्धत आली. मुंबई इलाख्यात अनुदान निकालावर मिळू लागलं. इन्स्पेक्टर येणार, पोरांकडून वाचून घेणार, शुद्धलेखन घालणार, जितकी पोरं पास तितके पैसे. आता विचार करा, त्या मास्तरला अडखळत वाचणारं पोर कसं दिसत असेल? ते पोर म्हणजे त्याच्या पगारातली तूट. 'ढ' हा शब्द कुठून आला याच्या पुष्कळ व्युत्पत्त्या ऐकल्यात, पण हा शब्द इतका चालला तो या हिशेबामुळे चालला, असं माझं मत आहे.

त्याच सुमारास युरोपात डॉक्टरांच्या लक्षात वेगळंच काही येत होतं. १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला, पण तो मेंदूला इजा झालेल्या मोठ्या माणसांबद्दल. मुलांबद्दलची पहिली मोठी नोंद नोव्हेंबर १८९६ ची. इंग्लंडमधला डॉक्टर प्रिंगल मॉर्गन याने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं. मुलगा चलाख, खेळात मागे नाही, आकडे नीट वाचतो, पण शब्द वाचता येत नाहीत. स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटसुलट करून लिहितो. त्या टिपणात पर्सीच्या शिक्षकाचं मत आहे, ते माझ्या शब्दांत सांगतो: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार ठरला असता. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. एका शिक्षकाला तेव्हा हे दिसलं होतं. डॉक्टरला नंतर दिसलं, आधी मास्तरला.

आता शरीराकडे. बोअर युद्धासाठी भरतीला आलेले तरुण इतके अशक्त निघाले की इंग्लंडमध्ये चौकशी समिती नेमली गेली. १९०४ साली तिचा अहवाल आला आणि १९०७ च्या कायद्याने शाळेत वैद्यकीय तपासणी सुरू झाली. म्हणजे पोराच्या तब्येतीची काळजी सैन्याच्या काळजीतून आली. तपासणीच्या वेळी आईला बोलवावं हा विचारही तेव्हाचाच. आपल्याकडे १९०९ साली बडोदा शहरात शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, ती हिंदुस्थानातली पहिली मानतात. तेव्हा गादीवर सयाजीराव गायकवाड, आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी सक्तीचं शिक्षण आधी १८९३ साली अमरेलीत करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. या दोन तारखा जवळ आहेत हा योगायोग नव्हे. पोराला शाळेत यायची सक्ती केली की ते उपाशी आहे का, त्याला दिसतं-ऐकू येतं का, ही जबाबदारीही अंगावर येतेच.

ब्रिटिश मुंबईत मात्र शरीर ड्रिल मास्तरकडे गेलं. पुढे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी संस्था निघाली, लेझीम आणि मल्लखांब शाळेत आले. हे सगळं चांगलंच झालं. पण शरीराचा तास वेगळा, बुद्धीचा वेगळा, अशी फाळणी पक्की झाली. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन असे दोन रकाने असायचे, आठवतात का? माझ्या शाळेत वजनाचा काटाच नव्हता. गुरुजी पोराकडे बघायचे आणि आकडा लिहायचे. मी सलग तीन वर्षं एकाच वजनाचा होतो. वडिलांनी सही केली, कुणी विचारलं नाही. विचारावं असं त्या रकान्यात काही आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता मी माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

१९८३ ची गोष्ट. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवत होतो. एक मुलगा होता, शेतकऱ्याचा. तर्कशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर युक्तिवाद लिहायचा आणि तो त्यातली चूक वर्गात सर्वांत आधी पकडायचा. तोंडी. पेपर मात्र अर्धा कोरा, आणि जे लिहिलेलं ते मला लागायचं नाही. एकाच शब्दाची तीन रूपं एका पानावर. मला वाटलं, आळशी आहे, आणि कॉपी करणाऱ्यांच्या संगतीत आहे. त्याचे वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, पोराला शेतीत घाला, इथे पैसे घालवू नका. ते हात जोडून गेले. मुलगा पुढच्या सत्रात आला नाही.

त्या वेळी मला विटगेन्स्टाइन पाठ होता. या तत्त्वज्ञाने 'वाचणं म्हणजे नेमकं काय होतं' यावर पानंच्या पानं लिहिलीत: एखादा वाचतोय का वाचल्यासारखं करतोय, हे आपण कसं ठरवतो? ते मी एम. ए. ला शिकवत होतो, आणि माझ्यासमोर तो प्रश्न बाकावर बसला होता. तो मला दिसला नाही. विटगेन्स्टाइन स्वतः १९२० ते १९२६ ऑस्ट्रियाच्या डोंगराळ खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. मुलांसाठी त्याने शब्दांचा छोटा कोश केला. आणि हाच माणूस मंद पोरांना मारायचा. १९२६ साली अकरा वर्षांचा एक मुलगा त्याच्या माराने कोसळला आणि त्याने शाळा सोडली. दहा वर्षांनी तो त्या खेड्यात परत गेला आणि घरोघर जाऊन माफी मागितली. हे मी बरंच उशिरा वाचलं. माझ्या माफीकडे नंतर येतो.

तर महाराष्ट्रात हे कधी बदललं? १९६३ साली अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' ही संज्ञा रूढ केली. तिथल्या टेक्सास राज्याने १९८५ सालीच शाळांवर डिस्लेक्सियासाठी मुलांची चाचणी घेण्याची जबाबदारी टाकली. २००७ पासून तिथे तिसरी ते बारावीच्या मुलांची दर वर्षी तंदुरुस्ती चाचणीही होऊ लागली. आपल्याकडे १९९६ साली महाराष्ट्र सरकारने बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली, आणि देशात हे पाऊल आपण आधी टाकलं. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांनी तपासणी केंद्रं चालवली. डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला. त्याचे लेखक अमोल गुप्ते, मराठी माणूस. त्यातली शाळाही आपल्या पाचगणीची.

सगळं खरं. पण हे सगळं कुठे झालं ते बघा. मुंबईत, आणि बरंचसं इंग्रजी माध्यमात. कळसूबाईच्या पायथ्याच्या पोराला त्यातलं काय मिळालं? जिल्ह्याचं ठिकाण, आता अहिल्यानगर म्हणायचं, इथून शंभरावर किलोमीटर. रतनवाडीहून तर आणखी लांब. दाखल्यासाठी आईबापाची दोन दिवसांची मजुरी बुडणार. आणि मुळात हे काही असतं हे त्यांना सांगणार कोण?

आणखी एक अडचण आपल्या लिपीची आहे. ती नीट सांगतो, कारण इथले शिक्षक समोर बसलेत. इंग्रजीचं स्पेलिंग बेभरवशाचं, त्यामुळे तिथे डिस्लेक्सिया चुकांतून पटकन उघडा पडतो. मराठीत जसं लिहिलं तसं बरंचसं वाचता येतं. त्यामुळे आपलं पोर चुका करत करत का होईना, शेवटी वाचतं. पण फार हळू. एकेक अक्षर जुळवत, आणि वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरून. गुरुजींना वाटतं, येतंय की याला, सराव कमी आहे. शिवाय आपली बाराखडी दिसते तितकी सरळ नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि उच्चार मागून करतो. 'सूर्य' मधला र उच्चारात य च्या आधी आहे आणि बसलाय य च्या डोक्यावर. 'प्र' मध्ये तोच र पोटात, 'ट्र' मध्ये पायाखाली, 'तऱ्हा' मध्ये शेपटीसारखा. घ आणि ध, भ आणि म यांत फरक एका वळणाचा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. पेशव्यांचे कारकून आजच्या शुद्धलेखनाच्या तासाला बसवले तर निम्मे नापास होतील! हरयाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाची चाचणी तयार केली. तिचं नाव 'डाली', आणि त्यात मराठी आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक अशी शिक्षकांनी भरायची साधनंही आहेत. इंग्रजी चाचणी मराठी पोराला लावायचे दिवस तरी संपले.

आणि इथे एक सावधानता. महादेव कोळी किंवा ठाकर घरातलं पोर पुस्तकातला शब्द अडखळत वाचतं तेव्हा तो डिस्लेक्सिया असेलच असं नाही. घरात बोलतात ती मराठी वेगळी असेल. ते मूल आईबापांबरोबर चार महिने नारायणगावकडे मजुरीला गेलेलं असेल. डोळ्याला चष्मा हवा असेल, कान वाहत असेल, रक्त कमी असेल. म्हणूनच मी म्हणतो, वाचन आणि तब्येत या दोन गोष्टी पालकांना एका दमात सांगायला हव्यात. आधी डोळे, कान, पोट, हजेरी. ते ठीक असून, शिकवणं नीट मिळूनही अडत असेल तर मग पुढचा प्रश्न.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत हे स्पष्ट आहे: पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि इतर संबंधित माहिती त्यांना द्यायची. हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, उपकार नाही. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, मार्कांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम. मग नोंदींचे तयार नमुने बाजारात आले, नंतर व्हॉट्सॲपवर, आणि 'वाचनाकडे लक्ष द्यावे' हे वाक्य राज्यभर लाखो पोरांच्या वाट्याला आलं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघरहून सुरू झाला. पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पथक ज्या गोष्टी बघतं त्यांत जन्मजात व्यंग, रक्तक्षय, दृष्टी, श्रवण यांच्याबरोबर अध्ययनातला दोषही आहे. हे किती पालकांना माहीत आहे? गाडी येते, पोरं रांगेत उभी राहतात, जंताची गोळी मिळते, एवढंच घरी कळतं.

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत वाचनाची अडचण नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आत आली. शाळेने ती लवकरात लवकर ओळखायची आणि शिकवण्यात योग्य ते बदल करायचे, असं कलम १६ सांगतं. जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर तपशीलच होता: सरकारी असो वा खासगी, प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती, शिक्षकाने तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी असेल तेव्हा, प्राथमिक पाहणी करायची, शंका आली तर समितीने मुलाशी आणि पालकांशी बोलायचं आणि मग तपासणीला पाठवायचं. दाखला आठ वर्षांच्या आधी नाही, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी.

पण 'अक्षमता' हा शब्द! आईला शाळेत बोलावून तुमच्या मुलीला अक्षमतेचा दाखला काढा म्हटलं तर तिच्या डोळ्यांपुढे काय येईल? मतिमंद. लग्न. भावकी. ती पुन्हा शाळेत येणार नाही. त्यामुळे काय सांगायचं याच्याइतकंच कसं सांगायचं हे महत्त्वाचं आहे. माझ्या मते, जे दिसलं ते सांगावं. "ताई, मी गोष्ट वाचून दाखवली तर तुमच्या मुलीला सगळी समजते, प्रश्नांची उत्तरं ती आधी देते. स्वतः वाचताना मात्र एका परिच्छेदाला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. डोळे तपासले, ठीक आहेत. ही बुद्धीची कमतरता नाही. उद्यापासून मी वर्गात तिला तोंडी उत्तर द्यायला देणार आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना बोलावतो." या बोलण्यात प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. आणि घरी काय करू नये हेही सांगावं: दहा वेळा लिहायला लावू नका, धाकट्या भावाशी तुलना करू नका, आणि कुणी व्यायामाने किंवा डोळ्यांच्या कसरतीने हे बरं करतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. इंग्लंडात अशा व्यायामाची केंद्रं जोरात चालली होती, २००८ साली ती कंपनी बुडाली. व्यायाम व्यायामासाठी करावा. त्याने वाचन येत नाही.

तंदुरुस्तीचंही तसंच. २९ ऑगस्ट २०१९ ला 'फिट इंडिया' सुरू झालं. खेलो इंडियाच्या चाचणीत लहान मुलांना एका पायावर तोल सांभाळायला लावतात, मोठ्यांना सहाशे मीटर धावायला. आमच्या डोंगरातली पोरं सहाशे मीटर पाण्याच्या हंड्यासकट जातात! पण त्यांचं वजन बघा. कॅलिफोर्नियात सुमारे २९ हजार मुलांवर अभ्यास झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. वजनाचा अहवाल घरी पाठवल्याने मुलांचं वजन सुधारलं नाही, मुलांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान मात्र कमी झालं. तिकडे प्रश्न लठ्ठपणाचा, इथे उलटा. पण ज्या घरात डाळ महाग आहे तिथे 'वजन कमी आहे' एवढीच चिठ्ठी पाठवून काय होणार? ते त्या घराला आधीच माहीत आहे. चिठ्ठीबरोबर पथकाची तारीख, ग्रामीण रुग्णालयातला वार, लोहाच्या गोळ्या शाळेत कधी मिळतात, हे हवं. आश्रमशाळेत तर पालक दिवाळीला न्यायला येतात तेवढेच. त्या अर्ध्या तासात बोलणं व्हायला हवं, कारण दुसरी संधी उन्हाळ्यातच.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं राहिलं. निवृत्तीनंतर मी त्याला शोधलं. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दोन माणसं हाताखाली. हिशेब बायको लिहिते. मी त्याला सगळं सांगितलं, त्याच्या वडिलांना काय म्हणालो होतो तेही. तो बघतच राहिला. म्हणाला, "सर, बाबा तर घरी येऊन म्हणाले होते की सर म्हणतात पोरगं लई हुशार आहे, पण आपल्याच्यानं खर्च झेपायचा नाही."

वडील आता नाहीत. पंचवीस वर्षं झाली असं तो म्हणाला. मी जे सांगितलं होतं ते त्यांनी घरापर्यंत येऊच दिलं नव्हतं. त्याचा नातू आता दुसरीत आहे, आणि 'सूर्य' वाचताना थांबतो म्हणे. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या: आधी डोळे तपासून घ्या, मग शाळेत जाऊन समितीबद्दल विचारा. त्याने मला ते कागदावर लिहून मागितलं नाही, दोनदा म्हणून दाखवायला सांगितलं आणि लक्षात ठेवलं.

आता प्रश्न घेऊ. मागे त्या आश्रमशाळेच्या बाई मघापासून हात वर करून आहेत, माईक आधी त्यांच्याकडे द्या.